प्रश्न तुमचे: कॅज्युअल्टीतून घरी आल्यावर काय?

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांत दोनच विषय सारखे येत राहिले. एक, जीव द्यायचा प्रयत्न झाला म्हणून कॅज्युअल्टीत न्यावं लागलेल्या आपल्या माणसाचा, आणि दुसरा एचआयव्हीचा. मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या केल्यात, आणि ह्या दोन्ही गोष्टींत मला एकच दिसलंय की माणूस दारातून आत येतो तेव्हा सगळे धावतात, पण दारातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागून कोणीच जात नाही. म्हणून ह्यावेळी सगळी पानं ह्याच पत्रांना देतेय. पत्रं थोडी कापलीयत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: डॉक्टरबाई, मी सत्तरी तालुक्यातली. माझी मुलगी कॉलेजात आहे. दीड महिन्यामागे रात्री तिने जीवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, आम्ही १०८ बोलावली, देवाच्या कृपेने वाचली. हॉस्पिटलात दोन दिवस सलाईन लावलं, पोलीस येऊन जबाब घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी कागद हातात देऊन घरी पाठवलं. कागदावर मानसोपचार ओपीडीत दाखवा असं एका ओळीत लिहिलंय, पण तिच्याशी बसून कोणी बोललंच नाही. आता ती जेवते, हसते, मोबाईल बघते. मला विचारायचं धाडस होत नाही, विषय काढला आणि परत तेच डोक्यात आलं तर? आणि पोलिसांची केस होणार का? — एक आई

उत्तर: आई, आधी केसचं सांगते, कारण त्या भीतीने कितीतरी घरं ओपीडीची पायरीच चढत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, तो २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला, त्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं काम. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात ते जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. पोलीस आले ते एमएलसीमुळे, म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी प्रत्येक केस हॉस्पिटलला पोलिसांना कळवावीच लागते, तो जबाब म्हणजे तुमच्या मुलीवरचा गुन्हा नव्हे. हे तिलाही सांगा, तिच्या मनात ती भीती असणारच, फक्त ती बोलणार नाही.

आता विचारायचं. विचारा. मी हे अगदी ठामपणे सांगतेय. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही समजूत मला कॅज्युअल्टीत डॉक्टरांमध्येसुद्धा दिसलीय, पण ती तपासून झालेली गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ मुलांवर एक अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला, अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही, आणि दोन दिवसांनी सगळ्यांनाच विचारलं. ज्यांना विचारलं होतं त्यांचा त्रास काही वाढला नव्हता, आणि जी मुलं आधीच उदास होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता त्यांना तर विचारल्यामुळे थोडं हलकंच वाटलं होतं. त्याच्यानंतर झालेल्या अभ्यासांतूनही तेच येत राहिलंय.

कसं विचारायचं तर आडवळणाने नको. 'तसलं काही परत करणार नाहीस ना?' असं विचारलं की पोर 'नाही' म्हणूनच सुटते, कारण प्रश्नातच आपण उत्तर देऊन ठेवलेलं असतं. दोघीच असाल तेव्हा, नारळ किसताना म्हणा, मागच्या पडवीत बसलेल्या असताना म्हणा, सरळ विचारा, 'बाय, तुला अजून मरावंसं वाटतं काय गो?' आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणंच कठीण आहे, आपल्याला लगेच रडू येतं, नाहीतर 'आम्ही तुला काय कमी केलं' हे तोंडातून निघतं, ते वाक्य मात्र काही झालं तरी गिळा. ती 'हो, आत्ताही वाटतं' म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची. 'कधीकधी वाटतं' म्हणाली तर पुढचं काम कागद-पेनाचं आहे.

हा कागद म्हणजे सेफ्टी प्लॅन. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी तो कॅज्युअल्टीसाठीच तयार केला. तिथल्या माजी सैनिकांच्या नऊ हॉस्पिटलांपैकी पाचांत त्यांनी कॅज्युअल्टीतून घरी जाणाऱ्यांबरोबर बसून तो लिहून घेतला आणि नंतर किमान दोन फोन केले, बाकीच्या चारांत नेहमीचेच उपचार, सगळी मिळून १,६४० माणसं होती, २०१८ ला निकाल आला. पुढच्या सहा महिन्यांत प्लॅन आणि फोन मिळालेल्यांमध्ये आत्महत्येच्या दिशेने जाणारे प्रकार ४५ टक्क्यांनी कमी होते आणि ती माणसं पुढच्या उपचारांनाही जास्त जात होती. एवढ्या साध्या गोष्टीने एवढा फरक पडतो ह्याच्यावर मला स्वतःला आधी विश्वास बसायला वेळ लागला, मग मी पेशंटबरोबर तो कागद लिहायला लागले आणि तो अर्धा तास कसा जातो ते बघितलं, त्यानंतर कोणाला पटवून द्यायची गरज वाटली नाही.

कागदावर काय असतं? तिच्याच शब्दांत, तिच्याच अक्षरात लिहायचं. मला ते विचार यायच्या आधी काय होतं, झोप उडते, मी खोलीचं दार लावून घेते, कोणाच्या मेसेजला उत्तर देत नाही, जे काय असेल ते. मग मी एकटी काय करू शकते, अंघोळ, गाणी, कुत्र्याला घेऊन नदीपर्यंत जाणं. मग कुठे जाऊन बसलं की मन वळतं, मैत्रिणीच्या घरी, देवळाच्या मंडपात. मग कोणाला खरं सांगता येईल, नाव आणि नंबर, आणि इथे आईचं नाव नसलं तर वाईट वाटून घेऊ नका, मावशी असेल, एखादी शिक्षिका असेल, कोणीतरी आहे हे महत्त्वाचं. मग डॉक्टर आणि हेल्पलाईन. आणि शेवटचं घरातल्या मोठ्यांनी करायचं, जीवाला धोका होईल अशी प्रत्येक वस्तू, औषधं, बागायतीतलं सामान, घरातून काढून लांब ठेवायचं, तिच्याशी बोलून, लपवाछपवी करून नव्हे. ती अनावर लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

आणि ती हसते-जेवते म्हणून ओपीडी टाळू नका, कारण घरी आल्यानंतरचे पहिले तीनेक महिनेच सगळ्यात नाजूक असतात. जिल्हा हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी आहे, बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणून आपल्याकडे अजून त्याचं नाव दबकत घेतात पण तिथे रोज कॉलेजची मुलं, बँकेतली माणसं, बाळंतिणी सगळे येतात. जाणं होईपर्यंत टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं, आणि तिथे तुम्हीही फोन करा, फक्त मुलीने नाही. तुम्हीही दीड महिना नीट झोपलेल्या नसणार.

प्रश्न: मॅडम, मी फोंड्याकडची, सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आमच्या एका सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की कॅज्युअल्टीत येणाऱ्या प्रत्येकाला आत्महत्येच्या विचारांबद्दल दोन-तीन प्रश्न विचारायचे, पोटदुखी असो की अ‍ॅक्सिडेंट. रात्री आम्ही दोघीच असतो, हायवेवरचे अपघात, ताप, दारू पिऊन आलेले. खरंच उपयोग होतो का, की एक फॉर्म अजून? — सिस्टर

उत्तर: सिस्टर, तुमचा प्रश्न सगळ्यात जवळचा वाटला. खरं उत्तर असं की नुसत्या विचारण्याचा उपयोग अर्धवटच होतो, आणि हे मी नाही, अमेरिकेतला ईडी-सेफ नावाचा अभ्यास सांगतो. आठ कॅज्युअल्ट्या, २०१० ते २०१३, धोका असलेले १,३७६ पेशंट, प्रत्येकाकडे वर्षभर लक्ष ठेवलं. पहिल्या टप्प्यात नेहमीसारखंच काम. दुसऱ्या टप्प्यात आलेल्या प्रत्येकाला तुमचे सर म्हणतात तसे प्रश्न विचारायचे. तिसऱ्या टप्प्यात प्रश्न, त्याच्याबरोबर डॉक्टरची आणखी थोडी तपासणी, सेफ्टी प्लॅनचा कागद आणि घरी गेल्यावर वर्षभरात जास्तीत जास्त सात फोन, आणि त्याच्या घरच्या एका माणसालाही काही फोन.

प्रश्न विचारायला लागल्यावर धोका असलेली माणसं जवळजवळ दुप्पट सापडायला लागली, आधी शंभरात तीनच्या आसपास, मग सहाच्या जवळ. म्हणजे पोटदुखी म्हणून आलेल्यांमध्ये ही माणसं आधीपासून होतीच, आपण त्यांना अँटासिड देऊन पाठवत होतो. पण वर्षभरात परत प्रयत्न किती जणांनी केला हे बघितलं तर पहिल्या टप्प्यात शंभरातले साधारण २३, दुसऱ्यात साधारण २१-२२, ह्याला फरक म्हणता येत नाही. तिसऱ्या टप्प्यात मात्र १८, आणि एकूण प्रयत्नांची संख्या मोजली तर ३० टक्क्यांनी कमी. म्हणजे शोधून काढणं ही सुरुवात झाली, फरक पडलाय तो नंतरच्या कागदाने आणि फोनने मिळून. तेव्हा तुमच्या सरांना पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा की हो आलं तर पुढे काय करायचं, फोन कोण करणार, कोणत्या वेळेत, कोणत्या नंबरवरून. ह्याचं उत्तर नसेल तर तो खरंच एक फॉर्म अजून होतो आणि दोन नर्सच्या खांद्यावर नुसतं ओझं.

आणि हे श्रीमंत देशांतच जमतं असं कोणी म्हणालं तर त्यांना चेन्नईचं सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत मिळून एक अभ्यास केला, ब्राझील, श्रीलंका, इराण, चीन आणि आपलं चेन्नई, कॅज्युअल्टीत आलेले १,८६७ जण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांबरोबर घरी सोडताना एक तास बसून बोलणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी भेट, बस. दीड वर्षाने बघितलं तर आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या गटात २.२ टक्के, संपर्कातल्या गटात ०.२ टक्के. २००८ ला छापून आलंय हे. मला ह्या आकड्याची आठवण झाली की अजून अस्वस्थ व्हायला होतं, नऊ फोन म्हणजे किती खर्च हो?

फोन करणारा मानसोपचारतज्ज्ञच हवा असंही नाही, ह्याचा मोठा पुरावा तर आपल्या गोव्यातच तयार झालाय. पर्वरीच्या संगत ह्या संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या शिकलेल्या, मानसोपचाराचं कसलंही शिक्षण नसलेल्या लोकांना ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी मध्यम ते तीव्र डिप्रेशनच्या पेशंटबरोबर सहा ते आठ भेटी केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के बरे होते, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आलंय. तो अभ्यास डिप्रेशनचा होता, कॅज्युअल्टीचा नव्हे, हे खरं, पण माणसं कुठून आणायची ह्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. तुमच्या तालुक्यातली अंगणवाडी सेविका किंवा आशा नसलेली पण बोलायला चांगली, वेळ देणारी दोन माणसं नेमली आणि त्यांच्यावर महिन्यातून दोनदा लक्ष ठेवायला एक डॉक्टर दिला तरी काम सुरू होतं.

तोपर्यंत तुम्ही दोघींनी काय करायचं? एक जुनी गोष्ट सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, हॉस्पिटलातून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या ८४३ जणांपैकी अर्ध्यांना ते पाच वर्षं अधूनमधून छोटं पत्र पाठवत राहिले, तुम्ही इथून गेल्याला दिवस झाले, बरे असाल अशी आशा, कळवावंसं वाटलं तर आम्हाला आवडेल, एवढंच, ओपीडीला या असंही नाही. पहिली दोन वर्षं तर पत्रवाल्यांमध्ये मृत्यू स्पष्टच कमी होते. तेव्हा सिस्टर, रात्री तीन वाजता तुम्ही पेशंटच्या उशाशी एक मिनिट थांबून 'तुमचं नाव मी लक्षात ठेवलंय, उद्या संध्याकाळी मी ड्यूटीवर आहे' असं म्हणता ना, ते वाया जात नाही.

प्रश्न: डॉक्टर, मी वास्कोचा, बोटीवर होतो. तीन महिन्यांमागे एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो. सीडी-फोर ४१० आहे. एआरटी सेंटरमधून एचआयव्हीची गोळी चालू केलीय पण व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की काही लोकांची इम्युनिटी एवढी चांगली असते की एचआयव्ही आपोआप दबतो, एक माणूस तर पूर्ण बरा झाला. मग गोळ्या सोडून काढे, योगा करून इम्युनिटी वाढवली तर चालेल का? घरी कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर एक-दोनदा जगूच नये असं वाटलं.

उत्तर: भाऊ, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. रिपोर्ट हातात आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असं वाटणं खूप लोकांना होतं, आणि धोकाही त्याच काळात जास्त असतो, म्हणून ते वाक्य तुम्ही लिहिलंत ह्याचं मला बरं वाटलं. आज, हे वाचून झाल्यावर, एआरटी सेंटरच्या काऊन्सेलरला हेच वाक्य जसंच्या तसं सांगा, किंवा १४४१६ ला फोन करा, एचआयव्हीची स्वतःची हेल्पलाईनही आहे, १०९७. विचार जोर करायला लागला तर थेट कॅज्युअल्टी, तिथे रिपोर्टबद्दल सांगायची लाज नको. आणि गोळ्या सुरू केल्यापासून झोप उडालीय किंवा मन जास्तच खाली गेलंय असं असेल तर तेही सांगा. पूर्वीच्या कॉम्बिनेशनमध्ये एफाव्हिरेन्झ नावाचं औषध असायचं, २०१४ च्या एका मोठ्या विश्लेषणात ते घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न दुपटीच्या आसपास दिसले होते. आता आपल्या सरकारी सेंटरांतून मिळतं ते डोल्युटेग्राव्हिरचं, ते पुष्कळ सौम्य, तरी काहींना त्यानेही झोप येत नाही, मग वेळ बदलून सकाळी घ्यायला सांगतात. सांगितलं तरच कळणार ना.

आता इम्युनिटी. तुम्ही वाचलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. एचआयव्ही शरीरात शिरला की तो नेमक्या सीडी-फोर पेशींना धरतो, म्हणजे बाकीच्या फौजेला हुकूम देणाऱ्या पेशी. धरतो आणि त्यांच्याच जनुकांत स्वतःचा मजकूर घुसवून ठेवतो. म्हणजे 'इम्युनिटी वाढवू' म्हणताना आपण ज्याला बळ देऊ म्हणतो तेच त्याचं घर आहे. काही पेशी तर हा मजकूर पोटात घेऊन वर्षानुवर्षं झोपून राहतात, त्यांच्यावर औषधही चालत नाही आणि शरीराच्या पहाऱ्यालाही त्या दिसत नाहीत, गोळी बंद केली की त्या जाग्या होतात आणि बहुतेकांत काही आठवड्यांतच व्हायरस परत वर येतो. काढ्याने त्या पेशी शोधून काढता येत नाहीत. योगा जरूर करा, पण गोळीबरोबर, आणि काढा घेत असाल तर सेंटरला सांगून.

ज्यांच्यात तो आपोआप दबतो त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात, शंभरात एकसुद्धा नसतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना जन्मतःच एक विशिष्ट प्रकारचं जनुक असतं, बी-५७ म्हणतात, त्याच्यामुळे त्यांच्या मारेकरी पेशी व्हायरसच्या नेमक्या अशा जागी हल्ला करतात की जिथे बदल केला तर व्हायरस स्वतःच लंगडा होतो. २०२० मध्ये असंही दिसलं की त्यांच्यातला उरलेला व्हायरस बऱ्याचदा जनुकांच्या ओसाड भागात अडकून पडलेला असतो, तिथून त्याला डोकं वर काढता येत नाही. संशोधकांना ही माणसं म्हणजे खजिना वाटतात कारण ते जे शरीराने केलं ते औषधाने कसं करता येईल हे शिकायचंय. पण हे जन्माने मिळतं, खाऊन-पिऊन नव्हे, आणि त्यांच्यातल्याही काहींचा ताबा पुढे सुटतो.

पूर्ण बरा झालेला पहिला माणूस म्हणजे टिमोथी रे ब्राऊन. त्याला रक्ताचा कॅन्सर होता, त्यासाठी २००७ साली बर्लिनमध्ये दुसऱ्याचा अस्थिमज्जा बसवला, आणि डॉक्टरांनी मुद्दाम असा दाता शोधला की ज्याच्या पेशींवर सीसीआर-फाईव्ह हे दारच नव्हतं, ज्यातून एचआयव्ही सहसा आत शिरतो. असं आईकडून आणि बापाकडूनही हे दार न मिळालेला माणूस उत्तर युरोपात शंभरात एखादा, आपल्याकडे अगदी क्वचित. २०१९ ला लंडनमधल्या दुसऱ्या माणसाचंही तसंच जाहीर झालं, त्यालाही कॅन्सर होता. हा उपचार स्वतःच जीवावर बेतू शकतो, ज्याला कॅन्सर नाही त्याच्यावर कोणीही तो करणार नाही.

आणि तुमच्याकडे जे आहे त्याचं बघा. २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या अभ्यासाने, ४,६८५ माणसं, सगळ्यांचे सीडी-फोर ५०० च्या वर, दाखवून दिलं की थांबण्यापेक्षा लगेच गोळी सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी. म्हणून २०१७ पासून आपल्याकडेही सीडी-फोर कितीही असला तरी लगेच औषध देतात. गोळी नियमित चालू राहून व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की शारीरिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. ह्याचा पहिला मोठा पुरावा २०११ चा, त्याच्यात पुण्या-चेन्नईची जोडपीही होती. लग्न, मुलं, सगळं शक्य आहे तुम्हाला.

एक गोव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८९ मध्ये डॉम्निक डिसोझा नावाच्या आपल्या तरुणाला, रक्तदान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून, पोलिसांनी उचललं आणि म्हापशाला जुन्या टीबी हॉस्पिटलात एकट्याला कोंडून ठेवलं, ६४ दिवस. तेव्हा कायदाच तसा होता. त्याची आई हायकोर्टात गेली, गोवाभर लोक त्याच्यासाठी रस्त्यावर आले. बाहेर आल्यावर त्याने लपून बसायच्या ऐवजी पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली, आणि १९९२ ला तो गेला. तीन-चार औषधं एकत्र देऊन व्हायरस दाबायची पद्धत १९९६ ला आली. चार वर्षांनी चुकली ती गोळी. तुमच्या खिशात ती आहे भाऊ, ती सोडायचं मनातही आणू नका. आणि आता कायदा उलट तुमच्या बाजूने आहे, २०१७ चा एचआयव्ही कायदा, नोकरीवरून काढणं, संमतीशिवाय टेस्ट करणं, दुसऱ्याला सांगणं, सगळ्याला बंदी. बोटीच्या नोकरीचं काही अडलं तर सेंटरच्या काऊन्सेलरकडून पुढची वाट विचारून घ्या.

प्रश्न: कोविडची लस वर्षात आली, एचआयव्हीची चाळीस वर्षांत का नाही? — निवृत्त शिक्षक, पेडणे

उत्तर: गुरुजी, कारण कोविड बहुतेकांच्या शरीराने स्वतःच घालवला, म्हणजे लसीला नक्कल करायला एक धडा तयार होता. एचआयव्ही असा आपला आपण जवळजवळ कोणीच घालवत नाही, तर नक्कल कशाची करायची? शिवाय तो एकाच माणसाच्या अंगात इतकी रूपं बदलतो आणि वरून साखरेचं असं कवच घालतो की अँटिबॉडीला पकडायला जागा सापडत नाही. थायलंडमध्ये १६,००० हून जास्त लोकांवर एक लस तपासली, २००९ ला ३१ टक्के संरक्षण दिसलं, सगळ्यांना आशा वाटली, मग तिचाच सुधारलेला प्रकार दक्षिण आफ्रिकेत ५,४०७ जणांना देऊन बघितला तर लसवाल्यांत १२९ आणि पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांत १२३ लागण, २०२० ला थांबवावं लागलं.

आता वाट वेगळी आहे. काहींच्या शरीरात लागणीनंतर काही वर्षांनी अशा अँटिबॉडी तयार होतात की त्या व्हायरसच्या पुष्कळ रूपांना चालतात, फक्त तोवर त्या माणसाला उशीर झालेला असतो. तर ज्या पेशींतून पुढे त्या बनतात त्या पेशींना आधी जागं करायचं, मग वेगवेगळ्या डोसांनी हळूहळू शिकवत न्यायचं, शाळेत वरच्या वर्गात चढवतात तसं, तुम्हाला सांगायला नको. २०२२ ला छापलेल्या पहिल्या चाचणीत ३६ पैकी ३५ जणांत पहिली पायरी जमली. पहिलीच, पुढे पुष्कळ आहेत. लस नसली तरी दुसरी मोठी गोष्ट झालीय, लेनाकापाव्हिर, लागण होऊ नये म्हणून दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ मुली-बायकांनी ते घेतलं, २०२४ ला निकाल आला, चाचणीच्या काळात एकीलाही लागण झाली नाही, जून २०२५ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. ती लस नाही, औषध आहे, पण माझ्या डॉक्टरकीत मी असा शून्य बघितला नव्हता.

प्रश्न: लॅबमध्ये काम करते. काल पेशंटला लावलेली सुई टोचली. पेशंटचा रिपोर्ट माहीत नाही. सर म्हणाले बघू सोमवारी.

उत्तर: सोमवारी नाही. तुम्हाला मी लगेच वेगळा निरोप पाठवलाय, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, स्पिरिट-ब्लीच काही नाही, आणि तडक कॅज्युअल्टी. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचून लागण व्हायचं प्रमाण हजारात तीन एवढंच, म्हणून घाबरून जायचं नाही, पण ७२ तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे लागण रोखायच्या गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत, दोन तासांत झाल्या तर सगळ्यात बरं, आणि पूर्ण २८ दिवस घ्यायच्या. हिपॅटायटिस बी ची लस घेतलीय का तेही तिथेच सांगायचं. बलात्कार झालेल्या बाईलाही हेच औषध कॅज्युअल्टीतूनच मिळतं, तिलाही वेळेचं बंधन तेच, हे कृपा करून सगळ्यांनी लक्षात ठेवा आणि तिला आधी घरी नेऊन विचार करत बसू नका.

प्रश्न: ताई, मी एआरटीवर. चवथीला नवऱ्याच्या मूळ घरी जायचं, चाळीस माणसं, एकच कपाट. गोळी कशी घेऊ? सासूबाईंना माहीत नाही.

उत्तर: बाळा, दिवसाला एकच गोळी आहे ही सोय. तुमची ठरलेली वेळ रात्री आरतीच्या वेळी येत असेल, घुमटं वाजत असताना उठून जाता येत नसेल, तर आत्ताच सेंटरला विचारून वेळ सकाळी तोंड धुवायच्या वेळेवर आणा, तेव्हा न्हाणीघरात सगळेच एकटे असतात. सेंटरच्या डब्यातून काढून साध्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा, पावसाची ओल लागू देऊ नका, आणि ती कपाटात न ठेवता तुमच्या पर्समध्ये. जेवणाआधी-जेवणानंतर काही बंधन नाही, फक्त नेवऱ्या खाऊन पोट जड झालं म्हणून कोणी अँटासिड दिलं तर गोळी आधी दोन तास घेतलेली असू दे. एखादी चुकली तर आठवण आल्याबरोबर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाही. आणि गणपती नऊ दिवसांचा असला तर नऊ मोजून नेऊ नका, बारा न्या, पावसात घाट बंद झाला की दोन दिवस तिथेच अडकायला होतं.